मायच्या गाडीचा पाइप

आमच्या गाडीतला संडास महागावच्या पुढे भरून वाहिला, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आमच्या नातेवाइकांत या प्रकरणाच्या ज्या हकिकती फिरतात, त्या प्रत्येकीत मीच मूर्ख ठरतो. माझी बायको सुनंदा तर ही गोष्ट लग्नात सांगते, बारशात सांगते, एवढंच काय, एकदा मयताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा सांगितली. लोक डोळे पुसत आले होते आणि डोळे पुसतच गेले, फक्त कारण बदललं! म्हणून खरं काय घडलं ते आता मीच सांगतो.

गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा आमच्या जिल्ह्यात कापसाला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. मी यवतमाळला एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत होतो, त्यातही आवकच्या टेबलावर. (आलेला कागद घ्यायचा, एवढंच माझं काम. तो पुढे कुठे गेला हे विचारायला लोक यायचे, तेव्हा मी त्यांना शांतपणे पलीकडचं टेबल दाखवायचो. तिथला माणूस बहुधा रजेवर असायचा, पण तो काही माझा प्रश्न नव्हता.) घरात मी, सुनंदा आणि माझी माय.

मायची धाकटी बहीण शेवंतामावशी उमरखेडला राहायची. ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळली. त्यातच तिच्या पोराचं जिनिंग बंद पडलं. तो तिथे गठाणी बांधायच्या कामावर होता; कापूसच येईना तर गठाणी कशाच्या बांधणार? त्यानं सुरतेला काम धरलं आणि पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी तो मावशीला घेऊन कायमचा जाणार, असा निरोप आला. मायनं निरोप ऐकला, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मले शेवंतीले पाह्याचं हाय. आता नाही पाह्यली तं मंग कवा पाहू?"

यावर कोणीही म्हणेल, एसटीनं जा ना! अहो, एसटी हेच तर दुखणं होतं. मायला प्रवासात मध्येच उतरावं लागायचं, वयच होतं तसं. पण ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगणं म्हणजे तिला मरण. "चार मान्सात कसं सांगाव बाप्पा?" म्हणायची. आणि स्टँडवरच्या बायकांच्या मुताऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, कारण वाचणारे जेवत असतील. त्यामुळे कुठं जायचं ठरलं की माय आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची. मागच्या खेपेला तर आर्णीच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. तिथल्या डॉक्टरनं तिला सलाइन लावलं आणि मला सगळ्यांदेखत विचारलं, "म्हातारीला पाणी देत नाही का हो तुम्ही?" आता सांगा! मी काय तिचं पाणी तोडलं होतं?

तर मावशी जाणार, आणि माय एसटीत बसू शकत नाही. अशा वेळी कचेरीच्या रद्दीत मला एक विलायती मासिक सापडलं. त्यात एक गोरं जोडपं चक्क गाडीतच संसार करत होतं. गाडीत पलंग, गाडीत शेगडी, गाडीत बेसिन आणि (इथं मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो) गाडीत संडास! मी ते पान फाडून खिशात घातलं आणि तसाच माझ्या साळ्याकडे गेलो.

माझा साळा दिवाकर. त्याच्याकडे बंद बॉडीची मेटॅडोर होती. खेड्यांवरून कापूस भरून आणायचा आणि जिनिंगवर टाकायचा, हा त्याचा धंदा. त्या वर्षी मेटॅडोर घरापुढे उभी होती आणि दिवाकर तिच्या सावलीत खाट टाकून पडला होता. त्यानं ते पान उलटसुलट करून पाहिलं.

"गाडीत संडास? भाऊजी, लोकं घरात बांधून नाही राह्यले अजून!"

"मायसाठी करायचंय रे. मावशीला भेटवून आणू."

मायचं नाव काढल्यावर दिवाकर उठला. दिवाकर स्वभावानं चांगला आहे. त्याच्यात एकच दोष, त्याला सगळं येतं. आठवड्यात आम्ही गाडी तयार केली. मायची लोखंडी खाट आत बसवली, कोपऱ्यात पत्र्याची खोली उभी करून तिच्यात कमोड बसवला, बाहेर छोटं बेसिन लावलं आणि टपावर पाण्याची टाकी. सगळं वापरलेलं पाणी गाडीच्या पोटाखाली आडव्या बांधलेल्या निळ्या ड्रममध्ये जमा होणार. ड्रमला कॉक, कॉकला पाइप. मुक्कामाला पोचलं की पाइपाचं तोंड चेंबरात सोडायचं, कॉक उघडायचा, ड्रम मोकळा! मासिकात अगदी अस्सच होतं.

फक्त पाइप दिवाकरनं त्याच्या अंगणातला लावला. हिरवा, झाडांना पाणी घालायचा. मी म्हटलं, "हा बारीक नाही का?" तर म्हणे, "भाऊजी, पाणी हाय ते, हत्ती थोडीच न्याचा हाय त्याच्यातून!"

ड्रममध्ये साबणाचं पाणी भरून आम्ही बाभुळगावपर्यंत चक्कर मारायला निघालो. बाभुळगावात नेमका बाजार. तो हिरवा पाइप वाटेत कधीतरी सायलेन्सरला टेकला, वितळला आणि भर बाजारात तुटून लोंबू लागला. मागून लोक ओरडायला लागले. "ओ भाऊ! ओ भाऊ, गाडी मुतून राह्यली!" एकानं ओरडावं, ठीक आहे. अख्ख्या बाजारानं ओरडायची काय गरज होती? एक जण तर सायकलवरून शेवटपर्यंत सोबत आला, गाडी थांबते की नाही ते पाहायला.

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. माय दारातच बसलेली.

"मी नाही बसत त्या गाडीत."

"माय, फक्त पाइप बदलायचा आहे. यवतमाळात मिळतो त्यातला सगळ्यात भारी पाइप आणतो. मग झालं?"

"आनशीन तवा मले दाखवजो."

"तू काय पाहणार त्यात? ही वावरातली गोष्ट नाही माय, हे टेक्निकल काम आहे."

माय उठून आत गेली. बाबांच्या मागे तिनं एकटीनं विहिरीवरची मोटर आणि ओलिताचं वावर सांभाळून मला शिकवलं, हे मला ठाऊक होतं. पण ओलीत वेगळं आणि विलायती गाडी वेगळी, असं मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाइप घ्यायला बाजारात गेलो, आणि इथून पुढचा सगळा दोष बाजाराचा आहे. यवतमाळच्या बाजारात पाइप म्हणजे शेतीचा पाइप. दुसरा पाइप जगात असतो हेच तिथं कोणाला मान्य नाही! पहिल्या दुकानदारानं मला फवारणीचा पाइप दाखवला. दुसऱ्यानं कापडासारखा गुंडाळून ठेवलेला लपेटा पाइप काढला. तिसरं दुकान मोठं होतं. तिथं मालक स्वतः गादीवर बसलेले. मी त्यांना म्हटलं, "शेठ, चांगला पाइप दाखवा."

"मोटर किती एचपीची हाय?"

"मोटर नाही."

"मंग डिझेल इंजिन?"

"इंजिन आहे, पण गाडीचं."

"गाडीच्या इंजिनावर पाणी काढता?" शेठ एकदम सरसावून बसले. "भारी डोकं हाय राजेहो! विहीर किती खोल हाय?"

"विहीर नाही हो. टाकी आहे, गाडीच्या खाली."

"मंग पाणी कुठून कुठी न्याचं हाय?"

"वरून खाली."

शेठ पुन्हा गादीला टेकले. "वरून खाली तं पाणी असंच जाते ना भाऊ! त्याले पाइप कायले पायजे?"

आता मी सरळ सांगायला हवं होतं की संडासाचं पाणी आहे. पण दुकानात आमच्या मोहल्ल्यातल्या दोन ओळखीच्या बाया उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे मी, एक सरकारी नोकर, ऐन दुपारी मोठ्यानं 'संडास' म्हणू? मी आवाज खाली करून म्हटलं, "वापरलेलं पाणी आहे."

"वापरलेलं म्हंजे?"

"म्हणजे... त्यात जरा कचरा असतो."

"असं बोला ना!" शेठ उठले आणि आतून एक काळा, जाड, कडीकडीचा पाइप ओढत आणला. "सक्शन पाइप! विहिरीत सोडा, नाल्यात सोडा. याच्यावर बैल उभा केला तरी दबत नाही." मी नखानं टोचून पाहिला, वाकवून पाहिला, सायलेन्सरची आठवण ठेवून हुंगूनही पाहिला. पाइप खरोखर मजबूत होता. मी म्हटलं द्या. तर शेठनं पाइपाच्या एका तोंडाला पितळेची, आंब्याएवढी, जाळी असलेली एक वस्तू बसवली आणि क्लॅम्प आवळायला घेतला.

"हे काय?"

"फुटव्हॉल. बिना फुटव्हॉलचा सक्शन पाइप माह्या दुकानातून आजपावेतो गेला नाही अन् जानार नाही."

मी ती जाळी निरखून पाहिली. म्हटलं, चला, घाण तरी बाहेर पडणार नाही. "यानं कचरा अडतो ना?"

"कचऱ्याचा बाप अडते!" शेठ म्हणाले.

मी खूश झालो. अहो, कोणीही झाला असता!

घरी आणल्यावर दिवाकरनं पाइप ड्रमला जोडला. मग आम्ही चाचणीसुद्धा केली, बेजबाबदार माणसं नव्हतो आम्ही. ड्रममध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, कॉक उघडला आणि गाडीखाली शिरून पाहिलं. जॉइंट कोरडा. पाइप कोरडा. पाइपाचं तोंडसुद्धा कोरडं! एक थेंब म्हणून गळत नव्हता.

"याले म्हन्ते क्वालिटी!" दिवाकर म्हणाला आणि आम्ही दोघांनी गाडीखालीच एकमेकांना टाळी दिली. माय अंगणातून विचारत होती, "पाइप दाखवतं का मले?" मी म्हटलं, "माय, एक थेंब गळत नाही, आणखी काय पाह्याचं?"

रविवारी सकाळी अख्खा मोहल्ला गाडी पाहायला जमला. ज्याला त्याला बेसिनचा नळ सोडून पाहायचा होता. पोरांनी हात धुतले, बापांनी तोंडं धुतली, कोणी तरी पान थुंकलं. शेजारच्या मास्तरीणबाई "पाह्यते फक्त" म्हणून पत्र्याच्या खोलीत गेल्या, आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या प्रसन्न चेहऱ्यानं. "चांगलं हाय बाई," त्या सुनंदाला म्हणाल्या, "पाणी बी जोरात येते." मग काय, रांगच लागली! मी अडवत होतो. पण शेजाऱ्यांना नाही कसं म्हणणार? उद्या दारात राहायचं असतं.

मायनं विहारात जायची पांढरी साडी नेसली होती. मावशीसाठी तिळाचे लाडू केले होते, त्यांचा डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी खाटेवर बसली. दिवाकर गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, सुनंदा मायजवळ. आर्णी आलं. तो स्टँड दिसला, जिथं माय चक्कर येऊन पडली होती. सुनंदानं पाण्याची बाटली पुढे केली. मायनं मागून मला हाक मारली.

"बबन, पिऊ का रे?"

"पी ना माय! बिनधास्त पी!"

आणि माय पाणी प्यायली. अर्धी बाटली एका दमात. प्रवासात तिला पाणी पिताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी मान वळवून पराटीची, म्हणजे कपाशीची, वावरं पाहत बसलो. पुढे तिनं दुसरी अर्धीही संपवली आणि वर चहासुद्धा घेतला.

महागाव मागे पडलं तशी माय उठली. "आलीच," म्हणून पत्र्याच्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"बबन, अंदर पाणी खालून वर येऊन राह्यलं."

मी मागे जाऊन पाहिलं. कमोड काठोकाठ भरला होता आणि बेसिनमधून बुडबुडे येत होते. दिवाकरनं गाडी बाजूला घेतली. "काही नाही, ड्रम भरला. मोहल्ल्यानं भरला! खाली करून घेऊ, पाच मिनिटाचं काम हाय."

रस्त्याला लागून एक पडीक वावर होतं आणि मध्ये पाणी साचलेली एक नाली. मी पाइप खाली सोडला, दिवाकरनं कॉक उघडला. आम्ही दोघं पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसून वाट पाहू लागलो. काही नाही. थेंब नाही. घरी जी क्वालिटी होती, तीच इथंही!

"तुंबला का रे?"

"तुंबन कसा? नवा हाय." दिवाकरनं डोकं खाजवलं आणि मग त्याला सुचलं. (तो क्षण मला आजही दिसतो. त्याला सुचायला नको होतं.) "भाऊजी! फुटव्हॉल कोरडा हाय ना! कोरड्या फुटव्हॉलनं पाइप कसा चालन? थो पाण्यात बुडवा लागते. कोण्याबी विहिरीवर जाऊन पाहा."

हे खरं होतं. मीही आजवर जेवढे फुटव्हॉल पाहिले, ते पाण्यातच बुडालेले. दिवाकरनं स्वतः कधी ओलीत केलं नव्हतं, पण आयुष्यभर लोकांच्या विहिरीवर कापसाची वाट पाहत बसला होता. त्यानं फुटव्हॉल नालीत बुडवला. तरी काही नाही.

"आता झटके द्या लागते," तो म्हणाला. "पाणी नाही धरलं तं लोकं असेच झटके देते." आणि त्यानं दोन्ही हातांनी पाइप धरून नालीत वर-खाली, वर-खाली दणके द्यायला सुरुवात केली. पाइपात गुडगुड आवाज आला. पाणी हललं! माझा जीव भांड्यात पडला.

गाडीतून सुनंदा ओरडली, "अवो! येऊन राह्यलं! येऊन राह्यलं!"

"येऊ दे!" मी ओरडलो. "दिवाकर, दे जोरात!"

दिवाकरनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि असा काही दणका लावला की बस्स. सुनंदा किंचाळली. मी वर पाहिलं तर गाडीच्या मागच्या दारातून पायरीवरून पाणी खाली येत होतं. काळं, हिरवं, साबणाचा फेस आलेलं. ज्या ड्रममधून आम्हाला पाणी काढायचं होतं, त्यात आम्ही नालीचं पाणी भरत होतो! आणि भरून उरलेलं, मोहल्ल्याच्या आठवणींसकट, मायच्या खाटेखालून वाहत होतं. (बेडूक मात्र एकही वर आला नाही. जाळीबद्दल शेठ बोलले होते ते खरं निघालं.)

एवढ्यात आजूबाजूच्या वावरांतून लोक जमले. त्या वर्षांत आमच्याकडे खेड्यापाड्यांतून सारखी पथकं फिरायची, कापसाचं काय झालं ते पाहायला. बंद गाडी, टपावर टाकी, पँट-शर्टातला माणूस नालीत पाइप घालून बसलेला. लोकांनी जे समजायचं ते समजलं.

"साहेब, केंद्राचं पथक हाय का राज्याचं?" एका पागोटेवाल्या काकांनी विचारलं.

"आम्ही पथक नाही हो."

"सगळेच असं म्हन्ते." त्यांनी एक किडकं बोंड माझ्या हातात ठेवलं. "हे पाहा. अन् पाण्याचा नमुना घेऊन राह्यले का? अळी पाण्यात नाही राहत साहेब, बोंडात राह्यते."

"काका, आमचा संडास भरला आहे!" मी ओरडलो. दुकानात जे हळू आवाजातसुद्धा तोंडातून निघालं नव्हतं, ते मी हमरस्त्यावर, अनोळखी लोकांपुढे, बोंड हातात घेऊन ओरडलो.

मग माय खाली उतरली. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, लाडवाचा डबा डोक्यावर धरलेला. तिनं दिवाकरच्या हातातला पाइप ओढला आणि त्याचं तोंड पाहिलं.

"हा फुटव्हॉल कोनं लावला?"

"दुकानदारानं," मी म्हणालो.

"अन् तू काय पाहत होता?"

"जाळी चांगली वाटली."

"अरे भैताडा!" माय म्हणाली, आणि जमलेले लोक जवळ सरकले. "याच्यात झाकन राह्यते. हा पाणी अंदर घेते, बाहेर जाऊ देत नाही. मोटर बंद केली का पायपातलं पाणी वापस विहिरीत जाऊ नये म्हनून लावते याले! तुया संडासाले कायले पायजे होता? वापस जाऊ नये म्हनून?"

काका तोंडाला पागोटं लावून हसायला लागले. मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, पण पाइप मायच्या हातात होता, म्हणून पुन्हा मान खाली घातली.

"मले म्हने टेक्निकल हाय! आठ दिस म्हनून राह्यली पाइप दाखव, पाइप दाखव. तिकडं शेवंती जाऊन राह्यली, इकडं हे दोघं नालीत झटके देऊन राह्यले! अन् मले पी म्हने पाणी, बिनधास्त पी!"

एवढं बोलून ती एकदम थांबली. चेहरा बदलला. मला कळलं. अख्खी बाटली आणि वर चहा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. त्या क्षणी मला नालीत जाऊन बसावंसं वाटलं. माय मात्र माझ्याकडे न बघता काकांकडे वळली. "काका, तुमच्या घरच्या बाया कुठी हायेत?" पलीकडे पराटीत वेचणी चालली होती. माय तरातरा तिकडे गेली, एका बाईशी दोन शब्द बोलली, दोघी आत दिसेनाशा झाल्या आणि थोड्या वेळानं माय परत आली ती निवांत. एवढं सोपं होतं ते.

तेवढ्यात मागून उमरखेडला जाणारी एसटी आली. माय रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. गाडी करकचून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"आजी, इथं थांबा नाही!"

"थांबा नाही तं थांबली काहून?" म्हणत माय वर चढली. पायरीवरूनच तिनं ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि गच्च भरलेल्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आयका! मले रस्त्यात लघवीले लागली तं सांगन. गाडी थांबवा लागन. मंग कटकट नाही पायजे!"

"थांबवू ना माय," ड्रायव्हर म्हणाला. "त्यात काय? बसा."

त्यात काय! इतकी वर्षं हे एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही म्हणून मी गाडीत पत्र्याची खोली बांधली, बाभुळगावच्या बाजारात तोंड काळं करून घेतलं, आणि तो ड्रायव्हर म्हणतो, त्यात काय! सुनंदाही पदर खोचून मायच्या मागोमाग चढली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही दोघांनी फुटव्हॉल काढला. ड्रम मोकळा करायचा तर जागा हवी, नालीत सोडणं बरं दिसेना. मी काकांना संकोचून विचारलं, तर त्यांनी वावराकडे हात केला. "सोडा बिनधास्त त्या पडीकात. तेवढंच खत. आजपावेतो इतके पथकं आले, पन एवढंबी कोनं देल्लं नाही साहेब!" मी पुन्हा सांगितलं की आम्ही पथक नाही. त्यांनी पुन्हा मान हलवली.

उमरखेडला पोचलो तेव्हा मावशीच्या दारात सामान बांधून ठेवलेलं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. मावशी खाटेवर पडलेली, माय तिला खेटून बसलेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाडवाचा डबा मध्ये उघडा. मावशी हसता हसता "खुबा दुखते वं, नको सांगू, नको सांगू," म्हणत होती आणि लगेच, "हं, मंग दिवाकरनं काय केलं?" विचारत होती. मायची भेट झाली होती. गाडीनं नाही झाली, पण झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी दारातच बसलो.

"ये बबन," मावशी म्हणाली. "जय भीम. लई मोठी गाडी केली म्हने मायसाठी."

"जय भीम मावशी. चूक त्या दुकानदाराची आहे हो. मी पाइप मागितला होता, फुटव्हॉल नाही. त्यानं काही न विचारता स्वतःहून लावून दिला."

"हौ, थे खरं हाय." मावशीनं डोळे पुसले. "अन् तू हापिसात काय काम करतं रे? मले अजून समजलंच नाही."

"आवकच्या टेबलावर असतो मावशी. आलेले कागद आत घेतो."

"अन् बाहेर?"

"बाहेर सोडायचं काम माझ्याकडे नाही."

मावशीनं मायकडे पाहिलं. मायनं मावशीकडे पाहिलं.

"मंग कायले बिचाऱ्या दुकानदाराले बोलतं?" माय म्हणाली. "त्यानं गिऱ्हाईक पाहूनच फुटव्हॉल देल्ला!"